विहिरीतला दम आणि समुद्रातला श्वास

जळगाव जामोदच्या वेशीवर उभे राहून चहूकडे पाहिले, तर उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते, दक्षिणेला पूर्णेचे काळेभोर खोरे पसरलेले दिसते. समुद्र मात्र कोणत्याच अंगाला नाही. मग समुद्राच्या तळाची गोष्ट आज इथे कशाला, असे तुम्ही म्हणाल. तर त्याचे कारण असे की, हल्ली आपल्याकडची पुष्कळ माणसे मालवणला जातात. तोंडात नळी धरून, पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरतात आणि परत आल्यावर फोनमधली चित्रे साऱ्या गावाला दाखवतात. ती पाहून शेजाऱ्यालाही वाटते, आपणही एकदा जाऊन यावे. वाटू द्या. काही वाईट नाही त्यात. पण जायचे कसे, कधी, कोणाबरोबर आणि उतरण्यापूर्वी काय शिकायचे, हे कोणी सांगत नाही. ते सांगावे म्हणून हे चार शब्द.

आपण पोहायला शिकतो ते विहिरीत. पाठीला कोरडा भोपळा बांधून काकांनी किंवा मामांनी ढकलून दिलेले असते. चार दिवस नाकातोंडात पाणी जाते, पाचव्या दिवशी भोपळा सुटतो. पुढे पोरे सूर मारू लागतात आणि तळाला टाकलेले नाणे दम कोंडून वर आणतात. ज्याचा दम मोठा तो पट्टीचा पोहणारा, अशी आपली समजूत. विहिरीपुरती ती खरी आहे. पण टाकी पाठीवर बांधून समुद्रात उतरलात, की हीच दम कोंडण्याची सवय जिवावर बेतते. आजच्या सगळ्या बोलण्यात एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ही ठेवा: टाकीचा श्वास घेत असताना दम कधीही कोंडायचा नाही.

असे का, ते नीट समजून घेऊ. शिक्षक मंडळींना हा धडा वर्गात उपयोगी पडेल.

एक चौरस सेंटिमीटर तळाची आणि 10 मीटर उंचीची पाण्याची नळी मनात आणा. तिच्यात 1000 घन सेंटिमीटर, म्हणजे एक लिटर पाणी मावते. त्याचे वजन एक किलो. आपल्या डोक्यावरच्या साऱ्या वातावरणाचा दाबही दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोच असतो. म्हणजे पाण्यात 10 मीटर खाली गेलो, की अंगावरचा दाब दुप्पट झाला. 20 मीटरवर तिप्पट. विहिरीच्या भाषेत सांगायचे, तर परस सहा फुटांचा धरा. साडेपाच परस पाणी म्हणजे झाले 10 मीटर.

आता हवेचा स्वभाव असा की, दाब दुप्पट झाला तर ती निम्म्या जागेत मावते. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने हा नियम 1662 साली मांडला. विहिरीत बुडी मारताना आपण छातीत पाच लिटर हवा भरून घेतली आणि 10 मीटर खाली गेलो, तर ती आकसून अडीच लिटरची होते. वर आलो की पुन्हा पाच लिटर. जेवढी नेली तेवढीच परत आणली. हिशेब चुकता.

टाकीचे तसे नाही. टाकीच्या तोंडाशी एक झडप असते. ती अशी युक्तीने केलेली असते की, बाहेर पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा ती तोंडात सोडते. म्हणून तर खोल पाण्यातही छाती सहज फुलते. ही झडप फ्रान्समध्ये 1943 साली तयार झाली. नौदलातला अधिकारी झाक कुस्तो आणि एमिल गान्यां नावाचा इंजिनिअर या दोघांचे ते काम. युद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यांने एक झडप केली होती. तीच सुधारून पाणबुड्याच्या उपयोगी आणली.

तर 10 मीटर खाली या झडपेतून तुम्ही छातीत पाच लिटर हवा घेतली. पण ती दाबलेली हवा आहे. वर आणली तर ती दहा लिटर होणार. तुम्ही घाबरलात, विहिरीतल्या सवयीने दम कोंडलात आणि वर झेप घेतलीत, तर पाच लिटरच्या छातीत दहा लिटर हवा मावायची कशी? फुप्फुस फाटते. हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. आणि त्यासाठी फार खोलही जावे लागत नाही. छाती गच्च भरलेली असेल, तर चार-पाच फुटांची चढणसुद्धा इजा करायला पुरते. म्हणून नियम असा की, श्वास सावकाश घेत राहायचा, सोडत राहायचा. नळी तोंडातून सुटलीच, तरी ती परत तोंडात घेईपर्यंत बारीक बुडबुडे सोडत राहायचे.

दुसरी गोष्ट कानांची. विहिरीच्या तळाशी कानात दडे बसतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पडद्याच्या बाहेर दाब वाढतो, आत वाढत नाही, म्हणून कान दुखतो. उपाय सोपा आहे. नाक चिमटीत धरावे आणि नाकातून हलकेच हवा सोडल्यासारखे करावे. कानात बारीकसा आवाज होऊन मोकळे वाटते. हे दुखायच्या आधीपासून, दर दोन-तीन फुटांवर करायचे. कान मोकळा झाला नाही, तर थोडे वर यायचे. जोर लावायचा नाही. सर्दी-पडसे असेल तर त्या दिवशी उतरायचेच नाही, मग पैसे भरलेले असोत की नसोत. शिर सलामत तो पगडी पचास.

आता प्रत्यक्ष बेत आखू. आधी प्रकार ठरवावा, कारण जाहिरातीत सगळ्यालाच स्कूबा म्हणतात.

पहिला प्रकार एका दिवसाच्या ओळखीचा. थोडा सराव करून घेतात, मग पाणबुडा मार्गदर्शक तुम्हाला धरून थोड्या खोल पाण्यात फिरवून आणतो. याला पट्टीचे पोहता यावे लागत नाही. मात्र नावेवर बसल्यापासून उतरेपर्यंतचा वेळ वेगळा आणि पाण्याखालचा वेळ वेगळा. पैसे कशाचे घेतात ते आधी विचारावे. दुसरा प्रकार प्रमाणपत्राच्या शिक्षणाचा. त्याला तीन-चार दिवस लागतात. आधी पुस्तकी धडे, मग तलावात सराव, मग समुद्रात चार बुड्या. त्यासाठी साधारण 200 मीटर न थांबता पोहता आले पाहिजे आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगता आले पाहिजे. हे प्रमाणपत्र मिळाले, की जोडीदाराबरोबर 18 मीटरपर्यंत उतरायची मुभा मिळते. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची अशी शिकवणारी संस्था आहे आणि सरावासाठी तिथे खास खोल तलाव बांधलेला आहे.

तिसरा प्रकार उथळ पाण्याचा. डोळ्यांवर काच लावायची, तोंडात वाकडी नळी धरायची आणि अंगात जीवरक्षक जाकीट घालून पाण्यावर पालथे तरंगत खालचे पाहायचे. ज्यांना डॉक्टरांनी मना केले, ज्यांना भीती वाटते, त्यांनी हाच मार्ग धरावा. दिसायचे ते यातही पुष्कळ दिसते. शिक्षकांना एक विनंती आहे. शाळेच्या सहलीत पाण्याखाली उतरण्याचा कार्यक्रम घालू नये. प्रमाणपत्राच्या शिक्षणाला मूल किमान दहा वर्षांचे असावे लागते, तेही आईबापांच्या संमतीने आणि डॉक्टरांना विचारून. चाळीस पोरांची जबाबदारी घेऊन हा खेळ खेळायचा नसतो.

डॉक्टरांचे म्हणाल, तर गावातून निघण्यापूर्वीच त्यांच्याकडे जाऊन यावे. दमा, हृदयविकार, रक्तदाब, फेपरे, कानाच्या पडद्याला भोक, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काहीही असेल, तर लपवू नये. किनाऱ्यावर एक कागद भरायला देतात. मागे रांग असते, घरचे खोळंबलेले असतात. माणूस न वाचताच खाली सही ठोकतो. तो कागद म्हणजे सात-बारा समजा, एकेक ओळ वाचून मगच सही करा. आदल्या रात्री दारू नको, उतरण्यापूर्वी पोटभर जेवणही नको.

ऋतू कोणता? पावसाळ्याचे नावच काढू नये. 26 मे ते 31 ऑगस्ट या काळात किनाऱ्यावरच्या जलक्रीडा सरकारी हुकमाने बंद असतात. पाऊस सरला की हळूहळू गढूळपणा बसतो. नोव्हेंबर ते मार्च पाणी बरे निवळते. शिक्षकांना दिवाळीची सुट्टी सोईची, पण तेव्हा गर्दी फार. आपल्या शेतकऱ्याला कपाशीचा शेवटचा वेचा घरात आला की फेब्रुवारीचे आठ दिवस काढता येतात. तेव्हा गर्दीही कमी असते. तिथीही पाहावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते, ओढ वाढते, तळाचा गाळ ढवळतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी त्या मानाने शांत राहते. पंचांग घरोघरी आहेच. त्याचा असाही उपयोग.

मालवणचे पाणी उबदार असते, साधारण 26 ते 30 अंश. म्हणून नवशिक्याला ते बरे. पण अंगाची उष्णता 37 अंश, आणि हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब कितीतरी झपाट्याने ओढून घेते. अर्ध्या तासात कुडकुडायला होते. यासाठी अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख देतात, तो नको म्हणू नये. तो पोशाख तरंगतो आणि खारे पाणीही माणसाला वर ढकलते, म्हणून कमरेला शिशाची वजने बांधतात. ती बुडवण्यासाठी नाहीत, तोल राखण्यासाठी आहेत. वेळ पडल्यास ती सोडून कशी टाकायची, हे उतरण्यापूर्वी करून पाहावे.

प्रवासाचा मार्ग असा. एस.टी.ने नांदुरा. तिथून मुंबईकडची आगगाडी. ठाण्याला किंवा दादरला गाडी बदलून कोकण रेल्वेने कणकवली किंवा कुडाळ. तिथून पुन्हा एस.टी.ने मालवण. कोकण रेल्वे 1998 साली सबंध मार्गावर सुरू झाली, तेव्हापासून हा प्रवास सोपा झाला. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. त्या दिवशीच तिकीट काढावे. दोन दिवस जायला, दोन यायला धरा. पोहोचल्या दिवशी पाण्यात उतरू नका. शिणलेल्या अंगाने आणि जागरणाच्या डोळ्यांनी नवे शिकणे होत नाही. मधे एक दिवस मोकळा ठेवा. आपण पेरणीची तारीख आधी ठरवतो का? आभाळाकडे पाहून ठरवतो. समुद्राचेही तसेच आहे. वारा सुटला, लाटा उठल्या, तर तो दिवस सोडून द्यायचा. मोकळा दिवस हाताशी नसला, म्हणजे माणूस नको त्या दिवशी उतरतो.

आणि शेवटची बुडी झाल्यावर लगेच परतीची वाट धरू नका. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. सोड्याच्या बाटलीचे बूच सावकाश उघडले तर फेस येत नाही, झटक्याने उघडले तर उसळतो. अंगातला नायट्रोजनही असाच सावकाश बाहेर पडू द्यावा लागतो. म्हणून पाण्यातून वर यायचे ते मिनिटाला 9 मीटरपेक्षा जलद नाही. आणि आपल्याला तर घरी यायला सह्याद्री चढावा लागतो. आंबोली सुमारे 700 मीटरवर, इगतपुरीही जवळजवळ 600 मीटरवर. जितके उंच तितका हवेचा दाब कमी. एखाद्या उथळ बुडीने सहसा काही होत नाही. पण चार-सहा बुड्या मारलेल्या माणसाने घाट चढण्यापूर्वी किंवा विमानात बसण्यापूर्वी एक सबंध दिवस किनाऱ्यावर काढावा.

तो दिवस वाया जात नाही. त्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला पाहा. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी 1664 साली तो बांधायला घेतला. आपल्या खारपाण पट्ट्यातल्या माणसाने तिथे एक नवल मुद्दाम पाहावे. आपल्याकडे समुद्र नाही, पण विहिरीला खारे पाणी लागते. तिथे चारी बाजूंना समुद्र, आणि किल्ल्याच्या आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींचे पाणी गोडे.

आता नाववाल्याला काय विचारायचे ते ऐका. नावेला मेरीटाइम बोर्डाचा परवाना आहे का? किती माणसांचा आहे, आणि बसवली किती आहेत? प्रत्येकाला जाकीट आहे का? शिकवणाऱ्याचे प्रमाणपत्र पाहायला मिळेल का? पाण्याखाली एका मार्गदर्शकाकडे किती नवशिके असतील? नावेवर प्राणवायूची नळी आणि औषधांची पेटी आहे का? चांगला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल, त्याच्या नावेत बसू नका. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी नाव उलटली आणि दोन पर्यटक दगावले. जलक्रीडा बंद व्हायला दोनच दिवस उरले होते. ही माणसे पाण्याखालून सुखरूप वर आलेली होती. म्हणून जाकीट जातानाही अंगात हवे आणि येतानाही. ऊन लागते म्हणून काढून मांडीवर ठेवायचे नाही.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून हातखुणा शिकाव्या लागतात. अंगठा आणि तर्जनीचे टोक जुळवून गोल केला, तर 'सगळे ठीक'. पंजा आडवा धरून डुलवला, तर 'काहीतरी बिघडले'. आणि अंगठा वर केला, तर 'छान' नव्हे, 'मला वर जायचे आहे'. आपली माणसे खूश होऊन अंगठा दाखवतात, आणि मार्गदर्शक त्यांना वर घेऊन येतो!

टाकीत हवा किती, हाही हिशेब मुलांना घालता येईल. टाकीत प्राणवायू नसतो, आपली साधीच हवा दाबून भरलेली असते. 12 लिटरची टाकी 200 पट दाबाने भरली, तर तिच्यात 2400 लिटर हवा झाली. चौथा हिस्सा अडीअडचणीसाठी राखायचा, उरली 1800. माणूस मिनिटाला 20 लिटर श्वास घेतो असे धरले, तर 10 मीटरवर दुप्पट, म्हणजे 40 लिटर लागतात. 45 मिनिटे झाली. नवशिका घाबरून भराभर श्वास घेतो, त्याची टाकी अर्ध्या तासातच उतरते. म्हणून दाबमापक काट्याकडे वरचेवर पाहायचे.

खाली काय दिसते? मालवणजवळ खडकांवर प्रवाळ आहेत, त्यांच्याभोवती पट्टेरी आणि निळे-पिवळे मासे फिरतात. 1987 साली इथला सुमारे 29 चौरस किलोमीटर भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो दगड नव्हे. बारीक जिवांची ती वसाहत आहे. पाय ठेवला तर मरते. तिला कायद्याने वाघाइतकेच संरक्षण आहे; एक तुकडासुद्धा खिशात घालून आणू नये. माशांना पाव, बिस्किटे घालू नयेत. पाणी किती स्वच्छ मिळेल, याचा भरवसा मात्र धरू नका. फोनमधल्या चित्रात तळ काचेसारखा दिसतो; प्रत्यक्षात कधी तीन-चार मीटरपलीकडचे धूसर होते. ज्यांना आणखी निवळ पाणी हवे, त्यांनी हात बसल्यावर कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट, अंदमानातले स्वराज द्वीप किंवा लक्षद्वीप पाहावे. पहिला धडा मालवणला, मराठी बोलणाऱ्या माणसाकडून घ्यावा हे बरे. भीती वाटली तर ती आपल्या भाषेत सांगता येते.

आणि भीती वाटली तर ती सांगायची, हे शेवटचे सांगणे. बरोबरचे हसतील, दिलेले पैसे बुडतील, एवढा लांबून आलो आता कसे नाही म्हणू, अशा विचाराने माणूस मुकाट्याने पाण्यात शिरतो. तसे करू नका. नावेच्या काठावर बसलेले असताना, टाकी पाठीवर चढलेली असतानाही, 'आज नको' असे म्हणायचा हक्क तुमचा आहे. जाणता पाणबुडा तुम्हाला कधी हसणार नाही. त्याने स्वतःही कित्येकदा 'आज नको' म्हटलेले असते.

जाण्यापूर्वी एक प्रयोग करून पाहा. शिक्षकांनी तो मुलांना करून दाखवावा. प्लास्टिकची मोठी बाटली पाण्याने काठोकाठ भरा. औषधाच्या थेंबनळीत थोडे पाणी घेऊन ती जेमतेम तरंगेल अशी आत सोडा आणि झाकण घट्ट लावा. बाटली दाबली की नळी बुडते, सोडली की वर येते. दाबल्यावर नळीतली हवा किती आकसते आणि सोडल्यावर किती फुगते, ते मुलांना जवळून पाहू द्या. मग सांगा, टाकीवाल्या पाणबुड्याच्या छातीत अशीच हवा असते, आणि म्हणून वर येताना त्याने तोंड मिटून दम कोंडायचा नाही.